काशी सोडून कुठं जाणार

अंध मुलींच्या त्या शाळेत मी दिलेली मुलाखत सगळी मिळून वीस मिनिटांची असेल. त्यातली अठरा मिनिटं मी खरं बोलले. उरलेल्या दोन मिनिटांत जे बोलले, त्याला आता बारा वर्षं झाली.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. एम.एस्सी. झालं होतं. आमचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे पुरोहित. सकाळी घाटावर संकल्प सांगायचे, दुपारी जेवून अखबार वाचत झोपायचे आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलांकडून वेदमंत्रांची संथा घ्यायचे. आई घर बघायची. मी एकुलती एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असंच माझं सगळं शिक्षण झालं. बँकेच्या परीक्षेला बसले तेव्हा मी जागा महाराष्ट्रातल्या मागितल्या, कारण तिथं मराठी लिहिता-वाचता येणं लागायचं आणि ते मला घरामुळे येत होतं. लेखी परीक्षा पास झाले, बँकेची मुलाखतही होऊन गेली. फक्त शेवटचा निकाल यायचा होता. चार महिने लागतील, सहाही लागतील, असं सगळे म्हणत होते.

तोवर रिकामं कशाला बसायचं, एवढ्याच विचारानं मी त्या शाळेत अर्ज टाकला. घरात अडचण नव्हती, कुणी मागे लागलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. गरज होती असं म्हणता आलं असतं तर मला थोडं बरं वाटलं असतं.

शाळेला विज्ञानाची जाण असलेलं माणूस हवं होतं. दहावीच्या मुलींसाठी विज्ञानाचं पुस्तक ब्रेलमध्ये तयार करायचं, त्यातल्या आकृत्या बोटांना कळतील अशा उठावाच्या करायच्या आणि जोडीला शिकवायचं, असं ते काम होतं. छापण्याचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. सगळं हातानं.

आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा संध्येला बसण्याआधी म्हणाले, "उद्या बँकेचं विचारलं तर सांगून टाक. आणि न विचारलं तरी सांग. लहान संस्था आहे, त्यांना फसवल्यासारखं नको व्हायला."

"हो बाबा," मी म्हणाले. तेव्हा मला खरंच सांगायचं होतं.

शाळा भाड्याच्या एका जुन्या घरात होती. बाहेर बाकावर आम्ही दोघीच उमेदवार होतो. दुसरी मुलगी माझ्याच वयाची, पण अंधांना शिकवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेली. तिच्या कापडी पिशवीत स्वतःची ब्रेलची पाटी होती. मी कुतूहलानं बघते आहे हे पाहून तिनं ती काढली, जाड कागद अडकवला, टोचणीनं उजवीकडून डावीकडे टकटक काहीतरी टोचलं, कागद उलटा केला आणि माझं बोट धरून त्या ठिपक्यांवरून फिरवलं. "पानी लिहिलंय," ती म्हणाली. मला काहीच कळलं नाही, नुसतं खरखरीत लागलं. ती हसली. मग तिनं तिच्या बाटलीतलं पाणी मला दिलं.

बोलता बोलता तिनं सांगितलं की तिचं लग्न बलियाकडच्या एका मुलाशी ठरत आलं आहे. होईल किंवा होणारही नाही. "मी आत खरं तेच सांगणार," ती म्हणाली. "दोन वर्षं नक्की. पुढचं कुणाला माहीत?"

ती आधी आत गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा मघासारखाच होता. "सांगून टाकलं," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

आत टेबलामागे शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांना सगळे बडी दीदी म्हणत. वय पन्नाशीच्या आसपास, पांढरी सुती साडी, केस घट्ट विंचरलेले. लहानपणी गोवरात त्यांची दृष्टी गेली होती. शेजारी संस्थेचे एक म्हातारे सदस्य माझी प्रमाणपत्रं वाचून दाखवायला बसले होते. दीदींचं आणि माझं बोलणं कायम हिंदीतच झालं. इथं मी ते बहुतेक मराठीत लिहिते आहे.

दीदींनी विज्ञानातलं विचारलं. हृदयाचे कप्पे ज्याला दिसत नाहीत त्याला कसे समजावशील, असं विचारलं. मी म्हटलं, मूठ वळायला सांगेन, आणि मग एका घरात चार खोल्या आणि त्यांची दारं एकाच बाजूनं उघडतात असं सांगेन. त्यांना ते आवडलं. मग त्या थोडं पुढं झुकल्या.

"हे बघ बिटिया," त्या म्हणाल्या, "ब्रेलवर हात बसायला आठ महिने जातात. पुस्तक व्हायला वर्ष. लोक येतात, माझ्याकडून शिकतात आणि निघून जातात. मग मी पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरू करते. मला टिकणारं माणूस हवंय. तुझं पुढचं काय ठरलंय?"

हाच तो क्षण होता. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आणि मला एकदम वाटलं, सांगितलं तर ही नोकरी गेली. ती हवीच होती असंही नाही. पण समोर दिसणारी गोष्ट हातातून जाऊ द्यायची नाही, असं काहीतरी मनानं घेतलं.

"काशी छोड़कर कहाँ जाऊँगी, दीदी?" मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी वेगळं. पण मी पुढे बोलत राहिले. आईबाबांना मी एकटीच आहे, बाबांचं सगळं काम घाटावर आहे, त्यांना सोडून मी जाऊच शकत नाही, दहा वर्षं तरी मी इथून हलत नाही. यातलं निम्मं खरं होतं. त्या खऱ्याच्या आडून मी खोटं पुढं सरकवलं.

"आणखी कुठं अर्ज केलायस?"

"नाही."

दीदी खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "मला चेहरे दिसत नाहीत. मी आवाजावर माणसं निवडते. तुझा आवाज स्थिर आहे."

चार दिवसांनी शाळेतून फोन आला. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "बँकेचं सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"बघ," ते आईला म्हणाले, "खरं सांगूनही मिळतं." नंतर कितीतरी दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हे कौतुकानं सांगत. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

काम मात्र मला फार आवडलं. इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. ब्रेल पाटीवर लिहिताना अक्षरं उलटी टोचावी लागतात, म्हणजे कागद फिरवल्यावर ती सुलटी वाचता येतात. पहिले दोन महिने माझा प्रत्येक कागद चुकला. दीदी शेजारी बसायच्या, माझ्या हातावर हात ठेवायच्या आणि टोचणीचा जोर किती हवा ते दाबून दाखवायच्या. कमी दाबलं तर ठिपका उमटत नाही, जास्त दाबलं तर कागद फाटतो. शाळा सुटल्यावरही त्या तासभर थांबायच्या. हळूहळू माझ्या बोटांना ठिपके कळायला लागले. "पानी" हा शब्द मी पहिल्यांदा डोळे मिटून वाचला तेव्हा मला ती बाकावरची मुलगी आठवली. मी लगेच दुसरं काहीतरी वाचायला घेतलं.

आकृत्या मी जाड पुठ्ठ्यावर करायची. शिरांसाठी लोकर, धमन्यांसाठी सुतळी, कप्प्यांच्या कडेला डिंकानं चिकटवलेली मोहरी. दहावीला चार मुली होत्या. त्यातली सगळ्यात उंच, गाजीपुरच्या बाजूची, फार चिकित्सक. हृदयाची पहिली आकृती तिनं दोन्ही हातांनी नीट तपासली आणि म्हणाली, "दीदी, यहाँ तो खून उल्टा बह रहा है." मी बघितलं. एका झडपेची बाजू खरंच चुकली होती. सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यानंतर माझी प्रत्येक आकृती आधी तिच्या हाताखालून जायची, मगच पुस्तकात लागायची.

भाद्रपदातल्या एका दुपारी आम्ही दोघी कागद लावत बसलो होतो. दीदी सहज म्हणाल्या, "खरं सांगू? त्या दिवशी ती दुसरी मुलगी तुझ्यापेक्षा तयार होती. ब्रेल येत होतं, प्रशिक्षण होतं. सदस्यसाहेबांचं मत तिच्याच बाजूचं होतं. मी म्हटलं, ती दोन वर्षांत जाईल, ही राहील."

माझ्या हातातली टोचणी थांबली. तेव्हा सांगता आलं असतं. निकाल अजून आला नव्हता. ती मुलगी कदाचित अजून मोकळी असेल, तिला बोलावता आलं असतं. मी म्हणाले, "पुढचा कागद देऊ का?"

निकाल कार्तिकात आला. संध्याकाळची वेळ होती. खाली घाटावर बांबूंच्या टोकांना दिव्यांच्या टोपल्या चढवायचं काम चाललं होतं. मी गच्चीवर मोबाईलवर यादी बघितली. माझा क्रमांक होता. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं. आई देवापुढे साखर ठेवायला गेली. बाबांनी मोबाईल हातात घेऊन क्रमांक स्वतः वाचला. मग म्हणाले, "शाळेला माहीतच होतं. आता नीट सांग, आणि पुस्तक पुरं करून जा."

दुसऱ्या दिवशी मी दीदींना सांगितलं. तिथंही सरळ सांगितलं नाही. म्हणाले, फार पूर्वी कधीतरी फॉर्म भरला होता, मी विसरूनही गेले होते, अचानकच आलं. त्यांनी टेबलावर दोन्ही हात सपाट ठेवले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बँकेची नोकरी कोण सोडतं? जा. चांगलं झालं." मग विचारलं, "मुलींची परीक्षा फेब्रुवारीअखेर आहे. तोवर थांबता येणार नाही का?"

"नाही दीदी. तारीख पक्की आहे."

रुजू होण्याची तारीख अर्ज करून पुढे मागता येते. माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलानं आईच्या आजारपणासाठी दोन महिने मागून घेतले होते. हे मला बँकेत गेल्यावर कळलं. पण तेव्हा मला माहीत नव्हतं, यापेक्षा मी विचारलंच नाही, हे जास्त खरं आहे.

सोळापैकी दहा धडे झाले होते. उरलेले सहा तिथून करून पाठवीन, असं मी चारही मुलींसमोर सांगितलं. पाटी आणि टोचणी दीदींनी मला बरोबर दिली. अंधांच्या वाचनाच्या टपालाला तिकीट लागत नाही, तेव्हा पाठवण्याचा प्रश्न नव्हता. विजेचा धडा मी जानेवारीत पाठवला, सुतळीचं सर्किट काढून. पुढच्या धड्याची सात पानं झाली. मग फेब्रुवारी आला, बँकेत वर्षअखेरीची माझी पहिली गडबड सुरू झाली, आणि ती सात पानं कपाटात राहिली. दीदींचा फोन यायचा. "हो दीदी, या आठवड्यात नक्की," असं मी तीनदा म्हणाले. चौथ्यांदा त्यांनी पुस्तकाचं विचारलंच नाही. तब्येतीचं विचारलं आणि फोन ठेवला.

नंतरची वर्षं नोकरीत गेली. मी लिपिकाची अधिकारी झाले, तीन गावं बदलली. काशीला दिवाळीत चार दिवस यायची. शाळेच्या रस्त्यानं जायची नाही.

सात वर्षांनी बाबा गेले. मी पोचले तेव्हा त्यांना मणिकर्णिकेवर नेलं होतं. दिवस चालू असताना एका दुपारी एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवून दीदी आमच्या घरी आल्या. आमच्या गल्लीच्या पायऱ्या डोळसालाही सोप्या नाहीत. त्या आईजवळ खाली चटईवर बसल्या आणि आईचा हात धरून म्हणाल्या, "पंडितजी एकदा शाळेत आले होते. तुमची मुलगी गेल्यावर. माझी माफी मागून गेले."

मला ते माहीत नव्हतं. आईलाही नसावं.

"मी त्यांना म्हटलं," दीदी सांगत होत्या, "माफी कसली? तिला बिचारीला तरी कुठं माहीत होतं? अचानक आलं. आल्यावर सोडायचं का? ते काहीच बोलले नाहीत. पाणी पिऊन गेले."

म्हणजे बाबांना त्या दिवशी कळलं. दीदींच्या तोंडून "अचानक" हा शब्द ऐकताना कळलं, की मी तिथं काही सांगितलं नव्हतं आणि घरी त्यांच्याशीही खोटं बोलले होते. नंतर सहा-सात वर्षं ते दर रविवारी माझ्याशी फोनवर बोलत होते. पाऊस, घाटाचं पाणी, माझं जेवणखाण. त्या खोट्याबद्दल एक अक्षर त्यांनी काढलं नाही. मीही त्या दुपारी दीदींसमोर तोंड उघडलं नाही. आईजवळ पाठ भिंतीला टेकून बसून राहिले. मी रडते आहे असं समजून दीदींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आई एकटी पडली. मी बदली मागत राहिले. तीन वर्षांनी ती मिळाली आणि मी काशीला परत आले. त्यानंतरही शाळेत जायला मला आठ महिने लागले. रोज काहीतरी कारण असायचं. शेवटी एका मंगळवारी बँकेतून लवकर सुटले आणि रिक्षावाल्याला तो पत्ता सांगितला.

शाळा त्याच घरात होती. दीदी थकल्या होत्या, केस सगळे पांढरे. मी "दीदी" एवढंच म्हणाले आणि त्यांनी ओळखलं. चहा आला. चहा घेऊन तीच गाजीपुरची उंच मुलगी आली. आता ती तिथं संगीत शिकवते. तिनंही मला आवाजावरून ओळखलं. ती मोकळेपणानं बोलली. त्या वर्षी ती विज्ञानात नापास झाली, पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीनं मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा सुटली. "वर्ष गेलं, पण गाणं पक्कं झालं," ती म्हणाली. दोष दिला नाही. ती गेल्यावर मी दीदींना सांगायला सुरुवात केली.

सगळं सांगितलं. मुलाखतीच्या दिवशी मी बँकेची परीक्षा पास झालेली होते, निकालाची वाट बघत होते, तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी खोटं बोलत राहिले.

दीदी ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "पंडितजींना हे माहीत होतं?"

"बँकेचं माहीत होतं. मी तुमच्यापासून लपवलं ते नव्हतं. तुमच्याकडे आले तेव्हा कळलं असेल."

"म्हणून ते गप्प बसले." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की ती मुलगी खरी होती, नशीब आडवं आलं. त्या दुसरीला मी तू गेल्यावर पत्र पाठवलं होतं. तिच्या वडिलांचं उत्तर आलं, ती सासरी गेली, तिथं नोकरी करू देत नाहीत. तरी मला वाटलं, माझी निवड चुकली नव्हती. तुझ्यानंतर मी सहा-सात जणींना आवाजावरच घेतलं."

"माफ करा दीदी."

"आज का सांगितलंस?"

 जे होतं ते म्हणाले. "मला सहन होत नव्हतं."

"हं," त्या म्हणाल्या. "आता मला विचार करावा लागेल." आवाज रागाचा नव्हता. दमलेला होता.

मी शनिवारी येऊन काही काम करू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, नको, आता छापायचं यंत्र आलंय, शिकवायला माणसं आहेत. मी निघाले. रिक्षात बसल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. खोटं बोलून मी त्यांच्याकडून एक वर्ष घेतलं होतं. खरं बोलून, आपल्याला माणसं कळतात हा त्यांचा जो भरवसा बारा वर्षं टिकला होता तोही घेऊन आले, असं वाटत राहिलं. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायचं. आता त्या बाईंना कशाला ताप दिलास?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "तेव्हा मीही ऐकलं होतं गं तुझं, सांगितलं म्हणालीस ते. मला तुझ्या तोंडावरून कळलं होतं. मी बोलले नाही."

दोन महिन्यांनी शाळेतून फोन आला. दीदीच होत्या. विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा रिकामी झाली आहे, शनिवारी मुलाखत आहे, तू येऊन माझ्या शेजारी बस. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "मी? मी कशी?"

"तूच. तुला हे काम माहीत आहे. आणि खोटं कसं बोलतात तेही माहीत आहे."

त्यांनी हे हसत सांगितलं की गंभीरपणे, ते मला फोनवर कळलं नाही.

शनिवारी तीन उमेदवार आल्या. दोघींना विज्ञान जेमतेम येत होतं. तिसरी चंदौलीहून आलेली, सावळी, बारीक, साडीचा पदर सारखा सावरणारी. विज्ञान तिला उत्तम येत होतं. तिचं पुढचं काय ठरलंय हा प्रश्न आला की मी खाली मान घालणार हे मला ठाऊक होतं. पण दीदींनी तो विचारला नाही. त्या म्हणाल्या, "तू कधीतरी जाशील. सगळे जातात. सरकारी नोकरीचा फॉर्म भरला असशील, लग्न ठरत असेल, ते मला विचारायचं नाही. जायचं झालं तर मला किती आधी सांगशील, आणि हातातलं काम कुणाला देऊन जाशील, ते सांग."

मुलगी गोंधळली. तयारी करून आलेलं उत्तर तिच्याकडे असावं, ते इथं बसत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, "शिक्षक भरतीची परीक्षा दिली आहे, मॅडम. निकाल यायचाय. कळेल त्याच दिवशी सांगेन. आणि चालू धडा संपवल्याशिवाय जाणार नाही, एवढं करू शकते."

ती बाहेर गेल्यावर दीदींनी माझ्याकडे तोंड वळवलं. "काय वाटतं? खरं बोलली?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पूर्ण वेळ बघत होते. डोळे, हात, पदर, सगळं. तिच्या जागी बसून मी स्वतः खोटं बोललेली होते. आणि तरी मला सांगता येईना. "मला नाही कळत, दीदी," मी म्हणाले. "खरंच नाही कळत."

"मलाही नाही," दीदी म्हणाल्या. "पूर्वी वाटायचं, कळतं." त्यांनी टेबलावरची घंटा वाजवली आणि त्या मुलीला पुन्हा आत बोलवायला सांगितलं.

तिला घेतलं. निकाल अजून लागलेला नाही, की लागला आणि तिचं नाव आलं नाही, ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. गेल्या महिन्यापासून दीदींनी मला शनिवारी यायला सांगितलं आहे. यंत्रावर छापलेल्या पानांत जोडाक्षरं चुकतात, ती तपासायला डोळस माणूस लागतं. मी त्या मुलीच्या शेजारच्या टेबलावर बसते. ती चांगलं शिकवते. मधूनच ती मला काही विचारते, मी सांगते. माझ्याबद्दल तिला कुणी काही सांगितलंय का, हे मला कळलेलं नाही, आणि अजून मी स्वतःहूनही सांगितलेलं नाही.